यादीत केलुद आहे का?

‘माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही कराडला राहतो. तिला ज्वालामुखींचा अभ्यास करायचाय. खोलीच्या भिंतीवर इंडोनेशियातल्या उद्रेकांची यादी चिकटवलीय : तांबोरा १८१५, क्राकाताउ १८८३ वगैरे. हिचे बाबा म्हणतात, आपल्याकडे ज्वालामुखी आहेत कुठे? मुकाट्याने इंजिनीअरिंग कर. रोज जेवायच्या वेळी वाद. काय करावं?’ – एक आई

ताई,

बाबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. भारतात जागृत ज्वालामुखी म्हणावा असा एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे माणसांची वस्ती नाही. इंडोनेशियात असे सव्वाशेच्या आसपास आहेत आणि त्यांच्या उतारावर लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. ‘ज्वालामुखीतज्ज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात आपल्याकडच्या पेपरात दिसायची नाही, हे तिला आधीच सांगून टाका.

आता त्या यादीबद्दल. तांबोरा, क्राकाताउ ही मोठ्या आवाजाची नावं. ती कुणालाही भुरळ घालतात. पूर्व जावामधला केलुद तिच्या यादीत आहे का, तेवढं बघा.

केलुदच्या मुखात तळं होतं. १९१९ साली उद्रेक झाला तेव्हा ते सगळं पाणी राख-दगड घेऊन उकळत्या चिखलासारखं खाली उतरलं आणि पाच हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तिथल्या डच सरकारने ज्वालामुखींवर नजर ठेवणारं स्वतंत्र खातं काढलं आणि तळ्याचं पाणी कमी करायला डोंगरातून बोगदा खणला. १९५१च्या उद्रेकात माणसं गेली ती अगदी मोजकी. पण त्याच उद्रेकाने मुखाचा तळ खचला, पाणी बोगद्याच्या तोंडाखाली गेलं आणि तळं पुन्हा साचत राहिलं. १९६६ला पुन्हा दोनशेवर बळी. मग आणखी खालून नवा बोगदा. २०१४च्या १३ फेब्रुवारीला रात्री सव्वानऊला सर्वांत वरचा इशारा दिला गेला. त्यांच्या भाषेत ‘आवास’. पावणेअकराच्या सुमारास डोंगर फुटला. मधल्या दीड तासात गावंच्या गावं हलवली गेली.

ही गोष्ट बाबांनाही सांगा. बोगदे खणले ते इंजिनीअरांनीच! त्यामुळे भांडण ‘ज्वालामुखी की इंजिनीअरिंग’ असं नाहीच मुळी. कामं अजून शिल्लकही आहेत. डिसेंबर २०१८मध्ये अनाक क्राकाताउची (जुन्या क्राकाताउच्या जागी नंतर वर आलेल्या ज्वालामुखीची) एक बाजू समुद्रात कोसळली, त्सुनामी आली, चारशेहून जास्त माणसं गेली. इशाऱ्याची यंत्रणा भूकंपावर बेतलेली होती, त्यामुळे भोंगा वाजलाच नाही.

आता अभ्यासाचं. बारावीला गणित सोडू नका. बायोलॉजी सुटली तरी अडत नाही. मग बी.एस्सी. जिऑलॉजी (पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे) किंवा फिजिक्स. तिथून ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.एस्सी. त्यानंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. तिथे रोजचं काम खनिजांचं, नकाशांचं, दरडींचं. पोटापाण्याला ते भक्कम आहे. निव्वळ ज्वालामुखी हवा असेल तर तो पीएच.डी.ला, आणि बहुधा परदेशात. म्हणजे अजून दहा वर्षं तरी धरा. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही.

आणि हो, तुम्ही कराडला राहता! कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला केंद्र सरकारने तुमच्याच गावात प्रयोगशाळा काढलीय. त्यांनी कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. त्यातला वरचा सव्वा किलोमीटर नुसता काळा कातळ, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. ‘आपल्याकडे आहेत कुठे’ याचं उत्तर बाबांच्या पायाखालीच आहे, फक्त थंड झालेलं. आधी पत्र पाठवून भेटीची परवानगी मागा आणि बाप-लेकीला बरोबरच पाठवा.

शेवटी एक काम, तिच्यासाठी. या व्यवसायाचा मोठा भाग म्हणजे चौकीवर बसून रोज त्याच डोंगराची नोंद ठेवणं. आज बारीक धक्के किती, धुराचा रंग कोणता, तो किती उंच गेला. इंडोनेशियाचं सरकारी खातं सेमेरू या जावामधल्या ज्वालामुखीचे असे अहवाल इंटरनेटवर टाकत असतं. महिनाभर रोज तो वाचून तिने वहीत चार ओळी लिहायच्या. पहिले आठ दिवस उत्साहाचे असतात, ते धरू नका. विसाव्या दिवशी, काहीच घडलेलं नसताना, वही उघडली जाते का ते बघा आणि मग मला पुन्हा लिहा.