दिव्याचं कार्ड: आधी ओलं काम, शेवटी वीज

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कार्डाचे फोटो पाहिले. ठसे स्वच्छ उमटलेत, कापकामही नेटकं आहे. अडलंय ते आतल्या, दाबल्यावर लागणाऱ्या छोट्या दिव्यापाशी. तो कधी लागतो, कधी नाही, आणि लागला की खिडकीत डोळ्याला खुपणारा पांढरा ठिपका तेवढा दिसतो. दोन्ही दोषांचं मूळ एकच: कार्ड पूर्ण सजवून झाल्यावर दिव्याला जागा शोधली गेली. दिव्याचं कार्ड करताना विचार दिव्यापासून सुरू करायचा आणि हातानं मात्र तो सगळ्यात शेवटी बसवायचा. ओलं काम, गरम काम, दाबाचं काम आधी, वीज मागून.

तर पहिल्यांदा जाडी. सीआर २०३२ हा बटण सेल २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड असतो. ३ मिमीचा एलईडी, म्हणजे आपला छोटा दिवा, आडवा निजवला तर त्याच्या बुडाच्या कडेमुळे तो ४ मिमीच्या जवळ जातो. म्हणून मागचं पान (सर्किटचं) आणि पुढचं पान (त्यावर चिकटणारं, खिडक्यांचं) यांच्यात ४ मिमी पोकळी हवी, म्हणजे २ मिमीच्या फोम टेपचे दोन थर. एका थरात भागवायला गेलं की पुढचं पान सेलवर टेकतं, मधोमध फुगतं आणि दिवा जळतच राहतो. ए५ आकाराचा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद मधून दुमडून पाया कर. पुढचं पान १०१ × १४४ मिमी ठेव आणि तेही ३०० जीएसएमचंच घे. पातळ पान फोमच्या मधल्या जागेत झोळ खातं.

ठसे सपाट, कोऱ्या कागदावरच उमटव. नवा पारदर्शक ठसा शाई धरत नाही, थेंबथेंब दिसते. त्यावर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं की तुळतुळीतपणा जातो आणि शाई सारखी बसते. एम्बॉसिंग पावडर वितळवून उठाव आणायचा असेल तर सावकाश वाळणारी पिगमेंट किंवा एम्बॉसिंग शाईच लागते. डाय शाई पावडर टाकेपर्यंत वाळलेली असते. शाई लावण्याआधी कागदावर अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरव, नाहीतर बोटांच्या तेलकट खुणांवर पावडर चिकटते आणि वितळल्यावर ते डाग कायमचे. हीट गन आधी अर्धा मिनिट रिकामी तापव, मग कागदाकडे वळव. थंड गन कागदावर धरून तापायची वाट पाहिली तर कागद वाळून वाकतो आणि पावडर अर्धवट राहते.

पुढच्या पानातल्या खिडक्या कापताना धारेच्या धातूच्या साच्याची धारेची बाजू कागदाकडे, आणि साचा कापायच्या रुळांच्या यंत्रात किंचित तिरपा. लांब सरळ कड रुळाखाली एकदम आली की दाब विभागला जातो आणि तेवढीच कड अर्धवट कापली जाते. बारीक जाळीदार साच्यातून कागद सुटत नसेल तर मध्ये मेणकागदाचा तुकडा घाल. तरीही एखादा कोपरा राहिलाच तर एक जाड कागद यंत्राच्या प्लेटखाली सरकवून पुन्हा फिरव. जोर लावून ओढू नकोस, तंतू उपटतात.

पोताचं काम कापून झाल्यावर. बरेच जण आधी फोल्डरमध्ये (उठावाच्या नक्षीच्या प्लास्टिकच्या दुमडत्या साच्यात) कागद दाबून उठाव घेतात आणि मग खिडकी कापतात. कापताना प्लेटचा दाब तोच उठाव चेपून टाकतो. कापून मग दाबलं तर खिडकीची कड केसभर हलते, पण पोत टिकतो. ती केसभर हललेली कड मला चालते. कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मार, म्हणजे तंतू ताणले जातात आणि उठावाच्या टोकाशी चिरत नाहीत. पावडरचा उठाव आहे त्या भागावर फोल्डर नको, तडकतो. टेक्स्चर पेस्ट वापरलीस तर थर एक-दीड मिमीचा, स्टेन्सिल लगेच धुवायची, आणि वाळायला रात्रभर ठेवायचं. घाई करून हीट गन लावली की पेस्ट बुडबुडे धरते.

आता ठिपक्याचं. दिवा खिडकीच्या बरोबर मागे कधीच नसावा. तो खिडकीच्या बाजूला, भरीव कागदाआड निजवायचा आणि उजेड आडवा पोकळीत सोडायचा. मागच्या पानाला शुभ्र पांढरा कागद लाव. उजेड त्यावर आपटून खिडकीत येतो आणि पसरतो. चकचकीत हवं म्हणून ॲल्युमिनियमची फॉइल लावायचा मोह होईल. लावू नकोस, ती वीज वाहते आणि सगळं सर्किट एका क्षणात शॉर्ट. खिडकीमागे ट्रेसिंग पेपर पुरतो. एलईडीचं टोक २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून दुधी केलंस तर ठिपका आणखी विरतो. ट्रेसिंग पेपरवर ओला गोंद लावायचा नाही, तो सुरकुततो आणि उजेडात गोंदाचा प्रत्येक ओघळ दिसतो. कडेला, पुढच्या पानाआड झाकली जाईल तिथेच दुहेरी टेप.

मागून उजेड आला की पेन्सिलच्या रेघाही दिसतात हे ध्यानात ठेव. याच गोष्टीचा फायदाही घेता येतो: साध्या ८० जीएसएमच्या कागदामागे गडद शाईनं उमटवलेला एखादा पक्षी ठेवला तर दिवा लागेपर्यंत तो जवळजवळ दिसत नाही. अक्षरं असतील तर ठसा मागच्या वेगळ्या तुकड्यावर, तोंड पुढे करून. नाहीतर ती उलटी दिसतील.

सर्किटला ५ मिमी रुंदीची तांब्याची पट्टी घे. मागच्या पानावर धन आणि ऋण अशा दोन समांतर रेघा, मध्ये १० ते १२ मिमी अंतर, आणि दिवे त्यांच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे. लांब पाय धन. चिकटवण्याआधी दोन पायांमध्ये सेल धरून प्रत्येक दिवा तपासून घे. सगळे दिवे एकाच रंगाचे ठेव. लाल दिव्याला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. दोघे शेजारी लावले की लाल दिवा सगळा करंट खेचतो आणि पांढरा मेल्यासारखा बसतो. ३ व्होल्टच्या सेलवर दोन पांढरे दिवे एकापाठी एक जोडले तर दोन्ही लागणार नाहीत.

तुझा दिवा लुकलुकतो तो बहुधा कोपऱ्यामुळे. पट्टी कापून तुकड्यावर तुकडा चढवलेला फोटोत दिसतो. पुष्कळ पट्ट्यांचा गोंद वीज वाहत नाही, मग वरचा तुकडा खालच्यापासून तुटलेलाच राहतो. वळण अखंड घ्यायचं. डावीकडे वळायचं असेल तर पट्टी आधी उजवीकडे दुमड. चिकट बाजू वर येईल. घडीवर नख फिरवून ती बसव. मग तीच पट्टी त्या घडीवरून डावीकडे उलटव, चिकट बाजू पुन्हा खाली जाते आणि तांबं कुठेही तुटत नाही. दिव्याचा पाय रेघेवर ठेवून वरून पट्टीचा तुकडा लावायचा आणि चमच्याच्या पाठीनं घोटायचं. इथे पाय खालच्या तांब्याला थेट टेकतो, म्हणून गोंद आड येत नाही.

दाबायच्या बटणाची जागा नाजूक. सेलची मोठी, अधिकच्या खुणेची बाजू वर. छोटी ऋण बाजू खालच्या पट्टीवर. पण सेलची कडही धनच असते. ऋण पट्टी सेलखालून बाहेर येते त्या जागी कडेला टेकली की शॉर्ट, सेल काही वेळात खलास. तेवढ्याच टिचभर जागेवर साधा सेलोटेप लाव. धन रेघेचं टोक १५ मिमी रुंद कागदी जिभेवर चढव आणि जीभ सेलवर दुमड, घडी टोकदार न करता गोलसर, नाहीतर तांबं तिथेच चिरतं. जिभेची पाठ पुढच्या पानाला दुहेरी टेपनं चिकटव. म्हणजे पान दाबलं की ती खाली येते, सोडलं की पानाबरोबर वर जाते. फोम सेलच्या कडेपासून १० मिमी लांब ठेव. फार जवळ आला तर बटण दगडासारखं, फार लांब गेला तर पान खाली बसून राहतं. कुठे दाबायचं ते पुढच्या बाजूला छोट्या ठशानं दाखव.

पुढचं पान चिकटवण्याआधी अंधारात एकदा आणि भर उजेडात एकदा दाबून पाहा. फोम लागल्यावर आत हात जात नाही. काढायला गेलं तर पोत फाटतो. सेल बसल्यानंतर हीट गन त्या कार्डाजवळही न्यायची नाही, आणि सेलला सोल्डरचा डाग तर मुळीच द्यायचा नाही.

पाठवताना सेल आणि जीभ यांच्यामध्ये कागदाची पातळ पट्टी सरकव, टोक बाहेर ठेव. नाहीतर वाटेतल्या दाबानं दिवा जळत राहतो आणि पोचेपर्यंत मंदावतो. पाकिटापेक्षा चपटा खोका बरा.

कार्ड लहान मुलाच्या हाती जाणार असेल तर सेलची जागा चारही बाजूंनी टेपनं पक्की बंद कर. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. घर लहान मुलांचं असेल तर त्या कार्डात दिवा न घालता पोतावर भर दे. सुटे सेल एकत्र डब्यात टाकू नकोस, एकमेकांना टेकून तेही शॉर्ट होतात. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना टेप लावून ठेव.

पुढच्या कार्डाला एकच दिवा घे.