कौशल्य प्रशिक्षणाने समाज खरंच बदलतो का, की नुसती नोकरी लागते?

तुम्ही विचारलंय की गावातल्या मंडळाने कौशल्य प्रशिक्षणाचा वर्ग काढला तर चार पोरांच्या नोकरीपलीकडे काही बदलेल का. बदलेल, पण काय शिकवता यापेक्षा कोणाला शिकवता यावर ते ठरेल. मी नागपुरात आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक आहे, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असणार, तेवढं धरून चला.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी दलित कामगारांना साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, घेत नसत. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्या उष्ट्या धाग्याचा इतरांना विटाळ व्हायचा. विणाई खात्यात मजुरी जास्त होती, म्हणजे विटाळाचा फटका थेट खिशाला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अस्पृश्य मुलांसाठी उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिस म्हणून काम शिकायच्या, जागा मागितल्या. नोकरीआधी शिकायची जागा मागितली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आज जातीचं दार बरंच किलकिलं झालंय. आमच्याकडे सुरुवातीला सगळी पोरं नुसतं लोखंड घासतात. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावल्यावर फटीतून उजेड दिसला की तो तुकडा परत घासायला, मग बाप कोणी का असेना.

मुलींचं मात्र घोडं अडलेलंच आहे. मंडळं, संस्था, नगरसेवक, सगळ्यांना मुली म्हटलं की शिवण आणि ब्युटी पार्लरच आठवतं. त्यात वाईट काही नाही, चार पैसे हाती येतात. पण ते काम घरातच होतं, स्वयंपाक आटपून, आणि घरातलं कोणीच जागचं हलत नाही. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झालेली पोट्टी कारखान्यात जाते तेव्हा तिचा डबा कोण भरणार इथून चर्चा सुरू होते. आणखी एक गंमत पाहिलीय. ‘मला शिकायचंय’ म्हटलं की घरचे ऐकत नाहीत, पण ‘अप्रेंटिसशिप संपू द्या’ म्हटलं की आलेलं स्थळ थांबतं, कारण दरमहा विद्यावेतन येत असतं.

म्हणून नुसता तीन महिन्यांचा सर्टिफिकेटवाला वर्ग काढू नका. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस कायद्याने घ्यावेच लागतात. आधी त्यांच्याकडे जाऊन कोणत्या ट्रेडची जागा आहे ते विचारा, मग वर्ग ठरवा. मुलींसाठी बसचंही तेव्हाच विचारा. हिंगणा आणि बुटीबोरी या आमच्या नागपूरजवळच्या कारखान्यांच्या वसाहती; हिंगण्याकडे लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पण बुटीबोरीच्या बाजूला ती खापरीलाच थांबते. रात्री दुसरी पाळी सुटल्यावर तिथून पुढे कंपनीची गाडी नसेल, तर घरचे पहिल्याच आठवड्यात नाव काढून घेतात.