मॅचला छाती धडधडते?

भावा, कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर सरावात दहा-दहा गुणांचे शॉट लागतात आणि मॅचला छाती धडधडते, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. धडधड थांबवायच्या नादाला लागू नकोस. अंगात अॅड्रेनलिन आलं की नाडी वाढणारच, तिच्यासकट नेम धरायला शीक. सरावाला पळतपळत दोन जिने चढून ये आणि लगेच रायफल उचल.

दहा मीटर एअर रायफलला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पण ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात. म्हणजे वेळ भरपूर आहे. श्वास अर्धा सोड, थांब, ट्रिगरचा पहिला दाब घे, म्हणजे शॉट सुटायच्या आधी अडतो तिथपर्यंत हलकं दाब. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घे. नवख्यांना हेच जमत नाही. ओढूनताणून मारतात आणि आठ लागतो. माझं ऐक, सगळ्यात जास्त घाम यावरच गाळ.

आपल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला २०२४ च्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये (यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारतात) नीलिंगनंतर, म्हणजे गुडघ्यावरच्या शॉटनंतर, पहिल्या तिघांत नव्हता. स्टँडिंगला, म्हणजे उभ्यानं मारताना, वर सरकला, कांस्य घेऊन आला. म्हणून मागं पडलास तरी स्कोअरच्या स्क्रीनकडं सारखं बघू नकोस. आणि मॅचच्या सकाळी कॉफी नको.