लॉटरीच्या ईमेलला शिकलेली माणसं कशी फसतात?

तुम्ही विचारलंय, असले ईमेल उघड उघड खोटे असतात, तरी शिकलेली माणसं पैसे भरतात ती हावरट म्हणून का? माझे सख्खे चुलते यात फसले. मला तरी तसं वाटत नाही.

काका लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणिताचे मास्तर होते. निवृत्तीनंतर लंडनहून लॉटरी लागल्याचा ईमेल आला, सोबत रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र. (रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातंच ठेवत नाही, लॉटरीचे पैसे कुठून देणार?) आधी कस्टमचे १८,५०० मागितले. मग पाउंडाचे रुपये करायचे, मग टॅक्सचे, शेवटी हा पैसा दहशतवाद्यांचा नाही अशा दाखल्याचे. काकांनी वहीत रकाने आखून सगळं लिहिलं होतं. स्लिपा टाचणीनं लावलेल्या, शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'परत मिळणार'. चौथ्या वेळी सोयाबीनवर आडत्याकडून उचल घेतली.

चौथ्यांदा तरी का भरले, विचारलं तर म्हणाले, "मधीच सोडलं तर आधीचे बुडाले असते, लेकरा." पहिले पैसे आशेनं जातात, पुढचे सगळे आधीचे वाचवायला जातात.

ईमेल मुद्दाम वेडगळ असतो, हेही लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं: शंका घेणारे पहिल्याच ओळीला गळावेत, म्हणजे जे उत्तर देतील त्यांच्यावरच वेळ घालवता येतो. आपल्याकडं शेतात मोबाइल टॉवर बसवतो म्हणून आधी फी मागतात, तोही हाच प्रकार.

तुमच्या घरात असं झालं असेल तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात. रागावणं नंतर. टॅक्सचे पैसे भरले त्या दिवशी काका माझ्याकडं जेवायला होते. 'मास्तर असून फसले' असं गाव म्हणेल या भीतीनं एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला कळलं तोवर फार उशीर झाला होता.

वर्षभरानं बुडालेले पैसे काढून देतो, १०,००० फी भरा, असा ईमेल आला. त्या रात्री साडेदहाला काकांचा फोन आला, "हे बी तसलंच हाय का रे?"