पाळलेल्या मोठ्या बेडकाला घरच्या घरी काय आणि कसं भरवावं?

तुमचा पॅकमॅन, म्हणजे तो दक्षिण अमेरिकेतला मोठ्या तोंडाचा पाळीव बेडूक, मुठीएवढा झालाय, चिमट्यातलं घेत नाही, तर कच्च्या चिकनचे तुकडे हातानं भरवले तर चालेल का, असं विचारलंय. नाही. चिकनही नाही आणि हातही नाही. खरं तर उत्तर इथंच संपायला हवं, पण आमच्या घरात याच विषयावरून चार वर्षं धुसफूस चालू आहे, त्यामुळे संपणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकाच्या हट्टापायी आमचा पॅकमॅन, ढोल्या, आणला तेव्हा तो नाण्याएवढा होता. वर्षभरात 12 सेंटिमीटरचा झाला. सगळं तोंडच, मागे नावापुरता बेडूक. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांनी आयुष्यात कुत्री, पोपट, मासे सगळं पाळलेलं, त्यामुळे नातेवाइकांत प्राण्यांबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ठरवलं की मांसाहारी आहे ना, मग मांस घाला. आधी खिमा. मग उंदरांची बिनकेसांची नवजात पिल्लं, दुकानात गोठवलेली मिळतात ती. "मोठ्या जनावराला मोठा घास लागतो," असं म्हणून पिशवीच आणून ठेवली. आणि मी मूर्खासारखा दर तीन दिवसांनी एक घालत बसलो.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. तुमच्या चिकनलाही हेच लागू. बेडूक मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतो आणि हाडं मऊ पडतात. उंदराच्या पिल्लांची गोष्ट वेगळी, ती चरबीनं मारतात. ढोल्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरट डाग आला. बेडूक बघणारी डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. तिनं बघितल्या बघितल्या विचारलं, उंदीर घालता का? डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात चरबी साचली होती. उंदीर बंद, वजन उतरवा, पण डाग पूर्ण जाईल असं धरून चालू नका, म्हणाली. भावोजींचं मत आजही असं आहे की ते नळाच्या पाण्यानं झालं. क्लोरीन काढल्याशिवाय एक थेंब आम्ही त्याच्या भांड्यात घालत नाही, हे त्यांना निदान दहा वेळा सांगून झालंय.

हातानं भरवायचा सल्लाही त्यांचाच. जीव लागतो म्हणे. ढोल्यानं त्यांचा अंगठा आणि उंदीर यांत फरक केला नाही. या बेडकांची जीभ त्यांच्या स्वतःच्या वजनाहून जास्त जोरानं ओढू शकते, 2014 साली जर्मनीतल्या संशोधकांनी काचेवर मोजून दाखवलंय. शिवाय खालच्या जबड्यात हाडाचे दोन सुळे. भावोजी ओरडत होते, लेक हसत होता, आणि मी तोंडानं 'ओढू नका' म्हणत मनात दुसरंच म्हणत होतो.

डोळा अधू झाल्यावर ढोल्याचा नेम चुकायला लागला. मग त्यानं चिमट्याकडे बघणंच सोडलं. त्याच सुमाराला मालवणहून माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले. इथं पेट्रोल पंपाच्या दुकानात, फ्रीजमध्ये दुधाशेजारी, मासे पकडायची गांडुळं डब्यातून विकतात. "गांडुळां विकत कित्याक घेतंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवशी पाऊस पडल्यावर स्वतःच बाग उकरून आले.

चायनीज पार्सलबरोबर येणाऱ्या लाकडी काड्या त्यांनी घेतल्या. त्या वरच्या टोकाला जोडलेल्या असतात, पूर्ण तोडायच्या नाहीत, म्हणजे आयता चिमटा. टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, कारण धातूच्या चिमट्यावर झडप घातली की जबडा दुखावतो. पण पहिल्या दिवशी त्यांनी गांडूळ गरीला लावल्यासारखं उभं लोंबकळत धरलं. ढोल्या ढिम्म. बाबा बराच वेळ बघत बसले, मग गांडूळ जमिनीवर टेकवून लांबीच्या दिशेनं सावकाश ओढलं, थांबले, पुन्हा बोटभर ओढलं. डाव्या बाजूनं, धड डोळ्याच्या. झडप! "तेका चलणारा व्हया, टांगलेला नको," एवढंच म्हणाले. मी नंतर वाचलं की एवर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं भेकांना, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांना, पुठ्ठ्याच्या पट्ट्या हलवून दाखवल्या होत्या. पट्टी आडवी, लांबीच्या दिशेनं सरकली तर ती खाणं. तीच पट्टी उभी करून सरकवली तर भेक ढुंकून बघत नाही. बाबांनी हे गरी आणि अर्धा तास यांवर काढलं.

तेव्हा तुम्हीही असंच करून बघा. पाऊस आहे, गांडुळं फुकट आहेत, फक्त फवारणी किंवा खतं नसलेल्या जागेतली घ्या. गांडूळखताच्या ड्रममधली लाल गांडुळं घेऊ नका. ती डिवचली की पिवळा घाण वासाचा द्रव सोडतात, ढोल्यानं तोंडात घेऊन थुंकली. घरातली झुरळंही नकोत, कुठल्या औषधातून फिरून आलीत सांगता येत नाही. नाकतोडे किंवा विकतची झुरळं दिलीत तर कॅल्शियमची भुकटी लावून द्या. गांडुळाला दोरा मात्र अजिबात बांधू नका, दोरा पोटात जातो. बाबांचा पहिला बेत तोच होता.

हो, एक राहिलंच. कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, भरवत असाल तर खाली ओलं फडकं ठेवा, नाहीतर घासाबरोबर काथ्या पोटात जाऊन आतडं तुंबतं. मोठ्या बेडकाला आठवड्यातून एकदा पुरे, तो रोज मागेल, देऊ नका. गिळताना डोळे मिटतो म्हणून घाबरू नका, तो डोळे आत ओढून घास खाली ढकलतो. आणि मुळात पेटी गार असेल तर तो खाणारच नाही. 24 ते 28 अंश लागतात. हे आधी तपासा, खरं तर सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं. दोन आठवडे काहीच घेतलं नाही तर डॉक्टर गाठा. आणि 'मोठा बेडूक' म्हणजे शेतातून उचललेला आपला देशी बुलफ्रॉग असेल तर माझं उत्तर विसरा, तो कायद्यानं संरक्षित आहे, होता तिथं सोडून या.

भावोजी, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. तुमची उंदरांची पिशवी अजून आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या मागे आहे. दिवाळीला याल तेव्हा घेऊन जा.