पाळकसाहेब स्वतःच्या अधिकारात हे लग्न लावू शकतात का?

प्रश्न : माझी भाची नागपुरात नोकरी करते. ती आणि तिची मैत्रीण जोडीदार म्हणून एकत्र राहतात. गावच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी लग्न लावावं, निदान आशीर्वाद द्यावा, अशी दोघींची इच्छा आहे. पोपनी परवानगी दिली म्हणतात. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची.
— एक मावशी, अचलपूर तालुका

उत्तर : ताई, लग्न लावता येणार नाही. प्रार्थना मात्र मागता येते, आणि ती जरूर मागा.

आपल्याकडे ख्रिस्ती लग्न १८७२ च्या कायद्याने लागतं. त्यात जोडपं स्त्री-पुरुषांचंच धरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. पाळकांनी रजिस्टरवर सह्या घेतल्या तरी ते लग्न कायद्यात टिकणार नाही, आणि बिशपांपुढे जाब त्यांना एकट्यालाच द्यावा लागेल.

पाळकाच्या विवेकाला वाव असतो, पण आधी चर्चने नियम बदलावा लागतो. स्कॉटलंडच्या चर्चने २०२२ मध्ये तो बदलला. तिथे इच्छुक पाळक अशी लग्नं लावतात, इतरांवर सक्ती नाही. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी १८ डिसेंबर २०२३ ला मान्यता दिलेला, अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देऊ देणारा दस्तऐवज कॅथलिकांपुरता आहे. त्यातही विधी नाही, लग्नाचा पोशाख नाही. नंतरच्या खुलाशात तर दहा-पंधरा सेकंदांची प्रार्थना म्हटलंय.

पाळकसाहेबांना त्यांच्या घरी एकटं भेटा. रविवारच्या उपासनेनंतर चारचौघांत विचारू नका. विषय कमिटीपुढे गेला की त्यांचे हात बांधले जातात. ‘दोघींची नावं घेऊन घरी प्रार्थना कराल का?’ एवढंच विचारा. अंगठ्या, वचनं, हार, पत्रिका काही नको. फोटोही नकोत, एक फोटो मोबाइलवर फिरला तरी पाळक आणि मुली दोघंही अडचणीत येतात. ते नाही म्हणाले तर गळ घालू नका, त्यांचाही विवेक आहे. मुलींना उपासनेला बसू दिलं नाही तर मात्र गप्प राहू नका, बिशपांना लेखी विचारा. देवाच्या घराचं दार त्यांच्यासाठी बंद होता कामा नये.

कागदपत्रं आत्ताच करा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून दोघींनी वेगवेगळं मृत्युपत्र करावं. प्रत्येकावर दोन साक्षीदार हवेत. जिच्या नावे मालमत्ता लिहिली तिलाच साक्षीदार करू नका. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात तसं झालं तर तिला दिलेला वाटा रद्द होतो.