हाडं ठिसूळ होतील म्हणून एंडोमेट्रिओसिसचं इंजेक्शन टाळू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 27, डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढून पोटात दुखतं तो आजार) ल्युप्रोलाइडचं दर महिन्याचं इंजेक्शन सांगितलंय आणि जाऊबाई म्हणतात त्यानं हाडं ठिसूळ होतात, तर घेऊ का नको. मी परभणीची, माझी सहा इंजेक्शनं झालीत म्हणून सांगते.

जाऊबाईंचं खोटं नाही. ह्या इंजेक्शननं अंडाशयाचं काम थांबतं, इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन पाळी गेलेल्या बाईसारखं खाली जातं, त्यानंच दुखणं थांबतं पण हाडांना धरून ठेवणारं पण तेच असतं की. नुसतं इंजेक्शन सहा महिने घेतलं तर कमरेच्या मणक्यांची घनता साधारण 3 ते 6 टक्के उतरते, नंतर बरीच भरून येते, सगळी येईलच असं नाही. म्हणून नुसतं इंजेक्शन सहा महिन्यांच्या पुढं देत नाहीत.

पण ह्याच्यावर उपाय आहे आणि तो बायकांना कुणी नीट समजावून सांगत नाही ह्याचं मला लई वाईट वाटतं. सोबत थोडं हार्मोन गोळीतून द्यायचं, त्याला ॲड-बॅक म्हणतात. मला नॉरएथिस्टेरॉन होती. आता आपल्याकडं घरात सत्यनारायण असला की पाळी पुढं ढकलायला बाया मेडिकलमधून हीच गोळी आणतात, त्यामुळं पाकिटावरचं नाव वाचून मला वाटलं चुकून दिली, दोन महिने ती डब्यात तशीच पडून. जानेवारीच्या थंडीत फॅन लावून झोपायचे, उशी घामानं ओली व्हायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की ती ॲड-बॅकचीच होती. चालू केल्यावर अंगाचा जाळ कमी झाला आणि पोटातल्या कळा काही परत आल्या नाहीत. पण मनानं आणू नका, पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधी सांगा.

इंजेक्शन चालू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे दुखणं उलट वाढू शकतं, घाबरून सोडू नका. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायचा का ते विचारा, नुसतं टेबलावर पडून राहायचं असतं, सुई नाही काही नाही. रिपोर्टमध्ये तुमच्या वयाला झेड स्कोअर (आपल्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघतात, टी स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) वाचून रडत बसू नका. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, माझं कमी निघालं होतं.

आणि इंजेक्शन नकोच वाटलं तर डायनोजेस्ट ह्या हार्मोनची रोजची 2 मिलिग्रॅमची गोळी चालेल का हे विचारा, तिच्यानं इस्ट्रोजेन एवढं खाली जात नाही. मी सध्या तिच्यावरच आहे, मधेमधे डाग लागतात पण कॉलेजला शिकवायला उभी राहू शकते.